सम तारखा बापूसाहेबांच्या

आमच्या व्याह्यांच्या, म्हणजे बापूसाहेबांच्या, आसपास असताना माणसानं अंथरुणातून उठायचं ते विचार करून उठावं. तुम्ही पाणी प्यायला म्हणून उठलात, दोन घोट घेतलेत आणि परत आलात, की अंथरूण गेलेलं असतं. गेलेलं म्हणजे चोरीला नाही हो. आवरलेलं. चादर ताणून चारी बाजूंनी दडपलेली, उशी फुगवून बसवलेली, पांघरुणाची घडी पायथ्याशी, आणि त्या घडीवरून शेवटचा हात फिरवत बापूसाहेब उभे.

"झोप झाली ना, विहीणबाई?" असं वर विचारणार.

घड्याळात साडेपाच. बाहेर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा मिट्ट काळोख. आता व्याह्यांना यावर काय उत्तर द्यायचं? "झाली हो," म्हणायचं आणि चहाचं आधण ठेवायचं.

माझी मंजिरी त्यांच्या समीरला दिली, त्याला बारा वर्षं झाली. दोघंही इथे नोकरी करतात, नात रेवा नऊ वर्षांची, आणि वर्षातले सहा महिने मी इथे असते. हॉलमधला सोफा ओढला की पलंग होतो, तो माझा. बापूसाहेब पहिल्यांदाच आले होते, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सोबत एक बॅग, एक छत्री आणि एक वही.

लग्न जमवताना स्थळाच्या माहितीत ‘वडील सरकारी विश्रामगृहाचे व्यवस्थापक’ असं लिहिलेलं होतं. आमच्या थोरल्या नणंदबाई चौकशी करून आल्या आणि म्हणाल्या, "व्यवस्थापक कसले, रेस्ट हाउसवर खानसामा होते!" खरं सांगते, मी तेव्हा जरा हिरमुसले होते. आता त्याची लाज वाटते, म्हणून आधीच लिहून मोकळी होते. घाटाच्या तोंडाशी असलेलं ते विश्रामगृह या माणसानं छत्तीस वर्षं सांभाळलं. दोन सूट, चार साध्या खोल्या, एकूण दहा पलंग. कोण साहेब कधी येतील नेम नाही, म्हणून दहाच्या दहा पलंग चोवीस तास तयार. "लाल दिव्याची गाडी कधी वळेल सांगता येत नाही," हे त्यांचं पालुपद. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा गेले, पालुपद तेवढं राहिलं.

"अहो बापूसाहेब, इथे आमच्या तिसऱ्या मजल्यावर कुठला लाल दिवा वळणार?" मी एकदा विचारलं.

"वळत नाही म्हणता म्हणता वळतो, विहीणबाई. अनुभव आहे."

त्यांची सगळी विद्या चादरीच्या कोपऱ्यात होती. गादीच्या कोपऱ्याशी चादर अशी काही दुमडायची की पोस्टाच्या पाकिटासारखा त्रिकोण दिसला पाहिजे. त्याला ते पाकीटच म्हणत. "पाकीट बंद झालं की पलंग बंद झाला," म्हणत. जर्मन पलंग बघून मात्र बिचारे पहिल्याच दिवशी खचले. इथे नवराबायकोच्या पलंगावर दोन वेगळ्या गाद्या, दोन वेगळी पांघरुणं, मध्ये ही एवढी फट. वरून दडपायला चादरच नाही. समीर-मंजिरीची बेडरूम बघून बाहेर आले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मुलांचं बरं चाललंय ना?"

"अहो, इथे सगळ्यांचं असंच असतं."

"मग ठीक. पण मध्ये हद्द आखलेली आहे, म्हणून विचारलं."

रेवाला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. पहिल्याच आठवड्यात ती पहाटे बाथरूमला जाऊन आली आणि घरभर ओरडली, "ओपा! इश् श्लाफ दोख नोख!" म्हणजे आजोबा, मी अजून झोपलेय ना! बापूसाहेब अदबीनं म्हणाले, "तक्रार असेल तर वहीत लिहा, छोट्या बाईसाहेब." ती वही म्हणजे अभिप्राय वही. विश्रामगृहावर असायची तशी, रेघा मारून, तारीख, नाव, अभिप्राय असे रकाने पाडून, हॉलमध्ये टीपॉयवर ठेवलेली. लेकाच्या घरात! रेवानं लगेच पानभर जर्मन लिहून काढलं. बापूसाहेबांना एक अक्षर कळलं नाही, पण एवढं मोठं लिहिलंय म्हणजे कौतुकच असणार, म्हणून आलेल्या-गेलेल्याला ते पान उघडून दाखवत. येणारा वाचे आणि खोकला काढे. त्यात लिहिलं होतं, ‘या हॉटेलात झोपायला बंदी आहे. पोहे चांगले.’

एकदा आम्ही सगळे फर्निचरच्या एका भल्यामोठ्या दुकानात गेलो. तिथे पलंग मांडून ठेवलेले असतात, लोक येतात, पडून बघतात, तसेच उठून जातात. आम्ही दिवे बघत होतो, तेवढ्यात बापूसाहेब नाहीसे. सापडले ते पलंगांच्या विभागात. एका ओळीतले नऊ पलंग पाकीट लावून बंद झाले होते आणि दहाव्यावर एक जोडपं आडवं होतं, ते कधी उठतंय याची वाट बघत हे दोन हात मागं बांधून उभे. त्या जोडप्याला वाटलं, हे दुकानातलेच. त्यांनी गादीबद्दल काहीतरी विचारलं. बापूसाहेब मान हलवून म्हणाले, "या, गेनाऊ." आणि त्यांनी ती गादी घेतली की हो!

हे ‘गेनाऊ’ त्यांना खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लिंडनर यांनी शिकवलेलं. ‘या’ म्हणजे ‘हो’, आणि ‘गेनाऊ’ म्हणजे ‘अगदी बरोबर’. त्या बाईंना रोज सकाळी पांघरुणं खिडकीत टाकून हवा द्यायची सवय. वरच्या खिडकीत हे आमची पांघरुणं झटकत. आठ वर्षांत त्या बाई माझ्याशी जिन्यात हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या, पण पंधरा दिवसांत यांची दोस्ती झाली. त्या वर बघून म्हणायच्या, "गेनाऊ, हेर बापू!" हे खाली वाकून म्हणायचे, "गेनाऊ, गेनाऊ!" एवढंच संभाषण. पण मी सांगते, दोघंही त्या वेळी जगातली सगळ्यात शहाणी माणसं असल्यासारखी दिसायची.

तर असे हे बापूसाहेब. तीन महिन्यांत यांनी काही मागितलं म्हणून नाही. चहा गोड झाला तरी "उत्तम," अगोड झाला तरी "उत्तम." आणि मग जायला एकच आठवडा उरला असताना, नाश्त्याला सगळे बसलेले असताना म्हणाले, "समीर, मला हॉटेलात राहायचंय. एक रात्र."

समीरच्या हातातला पाव हातातच राहिला. "बाबा, घरी काही कमी पडलं का?"

"छे, छे. उत्तम आहे. पण मला ड्युसेलडॉर्फच्या या हॉटेलात राहायचंय," म्हणून त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यातून एक पोस्टकार्ड काढलं. कडा झिजलेलं, रंग उडालेलं. त्यावर जुन्या पद्धतीच्या उंच इमारतीचं चित्र, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका लोखंडी कठड्याच्या बाल्कनीवर शाईनं केलेली फुली. "या फुलीच्या खोलीत. दोघांची खोली घे."

"दोघांची कशाला?"

"घे तू."

समीरनं मोबाइलवर शोधलं, तर हॉटेल होतं! शंभर वर्षांहून जुनं, युद्धात निम्मं पडून पुन्हा उभं केलेलं, स्टेशनाजवळ, जपानी लोकांच्या वस्तीला लागून. समीर स्वतः घेऊन जाणार होता, पण ऐन वेळी त्याच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं, गो-लाइव्ह का काय ते, निघालं. मंजिरीला सुट्टी नाही. शुक्रवारी बापूसाहेबांचं परतीचं विमान. आता जर्मन येणारं मोठं माणूस घरात उरलं कोण? मी. माझं जर्मन म्हणजे दुकानांची जाहिरातपत्रकं वाचून वाचून घरीच शिकलेलं. क्रियापद शेवटी टाकतात एवढं कळल्यावर मला ती भाषा परकी वाटलीच नाही.

"म्हणजे मी व्याह्यांबरोबर हॉटेलात जाऊ?" मी मंजिरीला स्वयंपाकघरात ओढून विचारलं. "तुझ्या आत्याला कळलं तर?"

"आई, रेवा येतेय ना बरोबर. तुमची दोघींची वेगळी खोली. आणि आत्याला सांगणारं कोण आहे?"

आत्याला मीच सांगितलं, त्याच संध्याकाळी, फोनवर. माझ्या पोटात काही राहत नाही. त्या म्हणाल्या, "जा बाई. जर्मनीत सगळं चालत असेल."

आगगाडीत बापूसाहेबांनी पोस्टकार्डाची हकीकत सांगितली. रेवा कानात ते गाण्याचं बोंडूक घालून बसली होती, पण हकीकत सुरू झाल्यावर एका कानातलं काढलेलं मी पाहिलं.

घाटात बोगद्याचं काम निघालं होतं आणि त्यासाठी एक जपानी साहेब चार महिने सूट नंबर दोनमध्ये राहायला होते. पहिल्या सकाळी बापूसाहेब सहाला गेले, तर अंथरूण आवरलेलं. त्यांना वाटलं, साहेब रात्रभर झोपलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेले, आवरलेलं. मग पाचला. मग साडेचारला दाराबाहेर जाऊन उभे राहिले, तर आतून चादर झटकल्याचा आवाज!

"आपली घडी आपण घालायची, असं त्यांच्याकडे लहानपणापासून शिकवतात म्हणे," बापूसाहेब म्हणाले. "मी म्हटलं, साहेब, मग सरकार मला पगार कशाचा देतं? शेवटी तह झाला. सम तारखा माझ्या, विषम त्यांच्या."

"बरं झालं की."

"कसलं बरं! एकतीस तारीख विषम, आणि लगेच एक तारीख, तीही विषम. लागोपाठ दोन दिवस हाताला काम नाही. त्यावरून वाद व्हायचा."

त्या जपानी साहेबांची पुढे ड्युसेलडॉर्फच्या कचेरीत बदली झाली. पहिले काही महिने ते या हॉटेलात राहिले आणि तिथून त्यांनी आपल्या खोलीवर फुली करून हे कार्ड पाठवलं. मागे मोडक्या इंग्रजीत चार ओळी. इथे मला अंथरूण आवरू देत नाहीत. फार वाईट वाटतं. तुम्ही दोघं एकदा या. बाईंना इथे काही काम करावं लागणार नाही.

"आमच्या मंडळींनी शेजारच्या मास्तरांकडून ते वाचून घेतलं," बापूसाहेब म्हणाले. मंडळी म्हणजे समीरची आई. मी त्यांना लग्नात आणि नंतर दोनदा भेटले असेन. अबोल बाई. चार वर्षांपूर्वी गेल्या. "दहा पलंगांच्या चादरी छत्तीस वर्षं त्याच धुवायच्या. नीळ, कांजी, सगळं त्यांच्या हातचं. कार्ड चुलीमागच्या फळीवर टेकवून ठेवलेलं असायचं. म्हणायच्या, एकदा तिथं जाऊन झोपायचं. आणि सकाळी अंथरूण तसंच टाकून उठायचं. नुसतं उठायचं आणि चालू लागायचं."

मी मनात म्हटलं, खोली मिळेल, पलंगही मिळेल. पण हा माणूस एखादं अंथरूण तसंच टाकून उठेल? बायकोसाठी का होईना, जमेल याला?

हॉटेल कार्डातल्यासारखंच होतं, जरा म्हातारं झालेलं. पितळी जाळीच्या दाराची लिफ्ट, तीन माणसं मावतील एवढी. जिन्याची लाकडं पाऊल पडलं की तक्रार करणारी. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं बापूसाहेबांपुढे फॉर्म सरकवला. त्यांनी चष्मा चढवून, जीभ बाहेर काढून, इंग्रजी मोठ्या अक्षरांत बराच वेळ लिहिलं. दुसऱ्या पाहुण्याच्या रकान्यातही लिहिलं. मुलीनं फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहून गोड हसली आणि त्यांना जर्मनमध्ये विचारलं, "आणि या तुमच्या पत्नी?"

बापूसाहेब प्रसन्नपणे म्हणाले, "या, गेनाऊ."

"नाइन! नाइन! इश् ओमा!" मी छाती बडवून सांगितलं. नाही, नाही, मी आजी! रेवा जमिनीवर बसून हसत होती, तिच्याकडून काही मदत होईना. मला तर वाटलं, या गृहस्थांनी रकान्यात माझंच नाव घातलं की काय! नणंदबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी तो फॉर्म ओढला आणि वाचला.

तिथे लिहिलं होतं, ‘इंदू’. पुढे त्यांचं आडनाव. समीरच्या आईचं नाव.

मुलगी मला विचारत होती की या बाई कधी येणार. मी बापूसाहेबांकडे पाहिलं. ते काउंटरवरच्या पेनाची दोरी सरळ करत होते.

"श्पेटर," मी म्हटलं. नंतर. "झी कोम्ट श्पेटर." त्या नंतर येणार आहेत.

मुलीनं मान डोलावली आणि किल्ली दिली. पहिल्या मजल्याची, मागच्या बाजूची, खिडकी आतल्या अंगणात उघडणारी. बापूसाहेब किल्ली बघून "उत्तम" म्हणाले, पण जागचे हलले नाहीत.

"अहो, फुलीची खोली सांगा ना तिला."

"राहू द्या, विहीणबाई. छत्तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, मिळेल ती खोली घ्या. नंबर दोनच पाहिजे म्हणून अडून बसणाऱ्या साहेबांना मनातल्या मनात काय काय म्हणायचो, ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही. आता मीच कसा अडून बसू?"

"तुम्ही नका बसू. मी बसते." मी कार्ड घेतलं आणि काउंटरवर आपटलं. फुलीवर बोट ठेवलं. माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढं जर्मन ओतलं, त्यात दोन-चार मराठी शब्दही गेले असतील. मुलीनं कार्ड उलटसुलट पाहिलं, फोन केला, आणि म्हणाली की खोली आहे, पण आधीचे पाहुणे आत्ताच गेलेत. आवरायला माणसं कमी आहेत, संध्याकाळशिवाय तयार होणार नाही. सगळं विस्कटलेलं आहे.

मी ते मराठीत सांगितलं. विस्कटलेलं म्हटल्याबरोबर बापूसाहेबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते मी समीरच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"किती पलंग?" त्यांनी बाह्या वर करत विचारलं.

मुलगी नको नको म्हणत होती, नियमात बसत नाही म्हणत होती. पण वर खोल्या आवरणाऱ्या फ्राऊ देमीर म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, त्यांनी यांच्याकडे एकदा आपादमस्तक पाहिलं आणि पलंगाची एक बाजू यांना दिली. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला ओळखतो. सुरुवातीला झटापट झाली. हे पाकीट लावत, त्या ते उपसून आपल्या पद्धतीनं खोचत. "नाइन," त्या म्हणत. "गेनाऊ," हे म्हणत, आणि पुन्हा पाकीट लावत. शेवटी फ्राऊ देमीरनी कोपरा धरून जोर लावून ओढला. सुटेना. पुन्हा ओढला. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्या कोपऱ्याचा फोटो घेतला! दुसऱ्या पलंगावर गंमत अशी झाली, की त्यांनी यांचं पाकीट घातलं आणि यांनी त्यांच्यासारखी पांघरुणाची घडी घातली. अर्ध्या तासात खोली तयार. बापूसाहेबांनी सवयीनं दाराशी उभं राहून, किंचित वाकून मला विचारलं, "साहेबांना खोली पसंत आहे?"

"अहो, साहेब तुम्ही आहात आज."

"हो की," म्हणाले, आणि आत कुठे उभं राहावं ते त्यांना कळेना.

दुपारी आम्ही जपानी वस्तीत फिरायला गेलो. हे जर्मनीच आहे का, असं वाटावं अशा जपानी पाट्या, फोटो काढणारी गर्दी, आणि एका नूडलच्या दुकानाबाहेर फुटपाथभर रांग. बापूसाहेब प्रत्येक म्हाताऱ्या जपानी माणसाला कार्ड दाखवत होते. त्यांचे साहेब असले तर ऐंशीच्या पुढचे असणार, पण चालायचंच. एक आजोबा कार्ड बघून वाकले. हे वाकले. ते पुन्हा वाकले, हे पुन्हा वाकले. शेवटी रेवानं ओपाला शर्टाला धरून ओढलं, नाहीतर दोघं अजून तिथेच असते. नूडलच्या दुकानात मला बिनमटणाचं मिळालं. बापूसाहेबांनी काड्यांशी झगडून झाल्यावर कागदी रुमालाच्या चारी कोपऱ्यांना पाकीट घातलं आणि मग जरा शांत झाले.

संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीत दोन खुर्च्या कशाबशा मावल्या. खाली दिवे लागत होते. रेवा आत टीव्ही लावून बसली होती. बापूसाहेब रस्त्याकडे बघत म्हणाले, "विहीणबाई, एक दुपार होती."

मी त्यांच्याकडे वळले.

"पावसाळ्यातली. घाट बंद, दरड कोसळलेली. सूट नंबर दोन महिनाभर रिकामा. मंडळींना ताप येऊन गेलेला. आमच्या मागच्या खोलीत गळत होतं. म्हणाल्या, घटकाभर तिथं पाठ टेकू का? त्यांनीच धुतलेली चादर होती हो. त्यांनीच." त्यांनी कठड्यावरचा गंज नखानं खरवडला. "मी म्हटलं, नको. लाल दिव्याची गाडी कधी वळेल सांगता येत नाही."

"मग? आलं का कोणी?"

"रस्ताच बंद होता, विहीणबाई. कोण येणार? अख्खा महिना कुणी आलं नाही."

खाली कोपऱ्यावर नूडलच्या दुकानाची रांग अजून तशीच होती. मी म्हटलं, "पोस्टकार्ड तिकडच्या पलंगाच्या टेबलावर ठेवा. त्यांना दिसेल असं."

सकाळी आठला मी आणि रेवा तयार होऊन नाश्त्यासाठी त्यांना बोलवायला गेलो. हा माणूस साडेपाचपासून जागा असणार, हे मला माहीत होतं. दार ढकललं तर बापूसाहेब आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून खुर्चीवर बसलेले. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट धरून. शाळेत बाईंनी हाताची घडी घालायला सांगितलेल्या मुलासारखे.

त्यांचा पलंग बंद होता. पाकिटं चोख.

दुसरा पलंग उघडा होता. पांघरूण अर्धं बाजूला टाकलेलं, उशी मध्ये दबलेली, चादरीला सुरकुत्या. एक कोपरा सुटून खाली लोंबत होता. उशाशी टेबलावर ते कार्ड उभं होतं.

"मीच विस्कटलं पहाटे," ते ओशाळून म्हणाले. "उभ्या जन्मात हे काम केलेलं नाही. नीट जमलं नसेल. बघा बरं, झोपून उठल्यासारखं दिसतंय का?"

मी पाहिलं. उशी फारच सरळ होती. पण म्हटलं, "दिसतंय हो. अगदी गाढ झोपल्यासारखं."

"हात फार शिवशिवतात, विहीणबाई. अडीच तास झाले."

रेवा दारात उभी होती. ती पुढे आली, ओपाच्या शेजारी खुर्चीच्या दांडीवर बसली आणि त्यांचा एक हात गुडघ्यातून काढून आपल्या हातात धरून ठेवला. चक्क मराठीत म्हणाली, "चला ना आजोबा, नाश्ता."

ते उठले. दोघं दाराकडे निघाले. मी मागून निघताना त्या पलंगाजवळून गेले आणि काय सांगू तुम्हाला, तो लोंबणारा कोपरा! पन्नास वर्षांची सवय. माझा हात आपोआप खाली गेला, चादरीचं टोक बोटात आलंसुद्धा.

"राहू द्या," बापूसाहेब दारातून म्हणाले. "आज सम तारीख, पाळी माझी आहे. पण राहू द्या, विहीणबाई. उठू दे तिला सावकाश."